हौदातली सहा बेटं

मोनाली नावाची पोरगी मला भूगोल शिकवायला माझ्या दारात आली, त्या दिवशी परतूरला पारा बेचाळीसवर होता आणि माझं डोकं त्याच्याही वर. सोबत कडूबा. कडूबा आमच्या शाळेचा शिपाई. त्या शाळेत मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, शेवटची चार वर्षं मुख्याध्यापक होतो, आणि निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. मोनाली माझ्या जागेवर आली. म्हणजे माझ्या जागेवर कोणी येऊ शकत नाही, पण हजेरीपटावर त्या ओळीत आता तिचं नाव असतं. बोलताना दर वाक्याला 'सर'. असले सर मी पुष्कळ ऐकलेत. सर जितके जास्त, तितका आदर कमी.

ती दोघं कशाला आली ते सांगण्याआधी हौद सांगितला पाहिजे. हौदाशिवाय मी कोणीच नाही, हे मी चिडूनच सांगतोय, पण खरं आहे.

शाळेच्या मैदानात लिंबाखाली बारा फूट लांब, आठ फूट रुंद, गुडघाभर खोल असा एक हौद आहे. त्यात सिमेंटची बेटं आहेत. 'पाखरखडपं' त्यांचं नाव. कोकणच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यापासून होडीनं दीड तासावर खडकाळ बेटांची एक ओळ आहे, तिची ही प्रतिकृती. आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं. ज्या पोरांनी दुधना नदी वर्षातून दोन महिने वाहताना पाहिली, त्या पोरांना मी समुद्र आणून दिला.

उत्तरेचं पहिलं ते थोरलं. पोर्तुगीजांची दोन गलबतं तिथं फुटली, म्हणून पुढं इंग्रजांनी त्यावर दीपस्तंभ बांधला. दुसरं विहिरीचं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर, मराठ्यांच्या आरमाराचे पहारेकरी तिचंच पाणी पीत. तिसरं पाकोळ्यांचं. तिथल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी बांधतात आणि माणसं ती चोरून परदेशी पाठवायची. मग कासव, मग डुबी, आणि सगळ्यात शेवटी, बाकीच्यांशी भांडून लांब जाऊन बसलेलं, एकलं. खाली काळा खडक, वर तांबडा जांभा. दीपस्तंभावर पूर्वी माणसं महिना महिना राहायची, आता दिवा सौरऊर्जेवर चालतो आणि बेटावर माणूस नाही. एकूण सहा. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सहाच सांगेल.

आणि दर वर्षी हा धडा संपवताना मी म्हणायचो, "मी स्वतः तिथं पाय ठेवलाय."

ठेवलेला नाही. तुमच्यापाशी लपवून काय करू? १९९१ साली आम्हा शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण कोकणात झालं. एका दुपारी सगळ्यांना बेटांवर नेणार होते. होडी किनाऱ्याला हलत होती. मी एक पाय आत टाकला, होडी एका अंगाला कलली, आणि मी घाबरून होडीचा काठ धरला. पोट बिघडल्याचं निमित्त करून मी उतरलो. मागच्या टेकडीवर चढलो, ऊन डोळ्यावर घेत बेटं मोजली, सहा भरली, आणि मुक्कामी जाऊन झोपलो. बाकीचे दिवेलागणीला परतले, ओले, हसत. परतूरला आल्यावर मुलांनी विचारलं, "सर, तुमी गेल्ते का बेटावर?" मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर तेच चालू राहिलं.

पुढच्या वर्षी हौद बांधला. तेव्हा कडूबा शिपाई नव्हता, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवायला यायचा. गवंडी आठ दिवसांत पळाला, मग बेटं कडूबानंच घडवली, माझ्याकडचा नकाशा समोर ठेवून. ती बघायला गेलो तर नऊ! थोरल्याच्या आणि विहिरीच्या मध्ये दोन बुटके खडक, आणि एकल्याच्या पायाशी मुठीएवढा तिसरा.

"हे काय काढून ठेवलं?" मी ओरडलो.

"कागदावर हायेत सर. टिंबाटिंबाच्या रेघेनं काढलेले हायेत."

"टिंबाटिंबाची रेघ म्हणजे नसल्यासारखं. फोड ते."

"सिमेंट धरलंय सर आता. फोडलं तर बाजूचं बी जाईल." हात पुसत म्हणाला, "अन् कागदावर हायेत तर राहू द्या की."

फोडणं शक्य नव्हतं. मी हौदाच्या आतल्या बाजूनं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. तिथपर्यंत पाणी भरलं की ते तीन खडक बुडत आणि बरोबर सहा उरत. भरती-ओहोटीचा धडा मी तेहतीस वर्षं शिकवला. चंद्र काढायचो, पृथ्वी काढायचो, बाण काढायचो, चार गुणांचा प्रश्न हमखास यायचा. पण त्या धड्याचा आणि या रेघेचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आमच्याकडं पाणी उतरलं की उतरलं. ते संध्याकाळी परत चढत नाही.

कडूबा पुढं शिपाई म्हणून लागला. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, तपासणीला मी म्हणायचो, "भर," आणि तो रेघेपर्यंत भरायचा. एकदाच चुकला. २०१६ च्या मार्चमध्ये बोअर आटला होता, गावाला टँकर येत होते. जिल्ह्याचं तपासणी पथक आलं आणि हौदात पाणी अर्धंच. पथकातल्या एकानं बोट दाखवत नऊ मोजली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भागवत सर, तुमच्या बेटांना पिल्लं झाली की!" सगळे हसले. माझी मुलं हसली. मी त्याच दुपारी कडूबाच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा मारला : 'जाणीवपूर्वक पाण्याची पातळी कमी ठेवून विद्यार्थ्यांना व तपासणी पथकास चुकीचे ज्ञान दिले. सक्त ताकीद.' सही केली, शिक्का मारला, आणि मग मला जेवण गेलं.

तर आता ही दोघं माझ्या ओसरीवर उभी.

"सर, कडूबाकाका तीस तारखेला रिटायर होऊन राह्यले," मोनाली म्हणाली. "त्यांच्या पुस्तकात एकतीस वर्षांत एकच लाल शेरा हाये. तुमचा. आताचे मुख्याध्यापक तो काढायला तयार हायेत सर. फक्त तुमचं दोन ओळींचं पत्र पायजे, की पाण्याची पातळी चुकीची नव्हती."

"म्हणजे माझी रेघ चुकीची होती!"

"तसं लिहू नका सर. नुसतं..."

"तीस तारखेला काय आहे माहीत आहे ना तुला? माझी पाटी बसतेय हौदावर. माजी विद्यार्थ्यांनी संगमरवराची करून आणलीय. 'पाखरखडपं, सहा बेटांचा समूह. प्रतिकृती : भागवत सर.' मजकूर मी दिलाय. आणि तू मला सांगतेस पत्र लिहा?"

तिनं फोन पुढं केला. दिवाळीनंतर ती दहावीच्या मुलांना घेऊन कोकणात गेली होती. फोटोत मुलं खडकावर उभी होती, पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, आणि मागं बेटांची ओळ. मी चष्मा लावला नाही. मोजायचीच नव्हती मला.

"नऊ हायेत सर."

"मी पाय ठेवून आलोय तिथं. तू जन्मली नव्हतीस तेव्हा. सहा!"

तिनं आवाज चढवला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. ती म्हणाली, "तुमी उतरले तवा किती वाजले होते सर?"

"बेट बघायला घड्याळ लागतं का? राजूरच्या गणपतीचं देऊळ सकाळी असतं अन् दुपारी नसतं का?"

मोनालीनं फोन खाली घेतला. कडूबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, तिथं भरतीला होडी लागतच न्हाई. सगळीकडून उभा कडा हाये. ओहोटी झाली का खालचा सपाट खडक उघडा पडतो, तिथंच उतरता येतं. अन् ओहोटीला नऊच दिसतात. भरतीला सहा." तिनं फोन पिशवीत टाकला. "म्हंजे जो उतरला, त्याला सहा दिसणारच न्हाईत सर."

माझी बायको द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, तिथंच उभी राहिली. मला पोरीवर ओरडता येईना. मग मी ज्याच्यावर ओरडायची सवय होती त्याच्यावर ओरडलो.

"कडूबा, तुला सिमेंट कालवायला ठेवलं होतं मी. भूगोल कालवायला नाही!"

कडूबानं टोपी हातात घेतली होती. तो म्हणाला, "सर, मी काय भूगोल शिकवून न्हाई राह्यलो. माझं पुस्तक कोरं करून द्या, एवढंच. नातीनं इचारलं, आबा, लाल शाईनं काय लिव्हलंय? वाचलं तिनं. 'चुकीचे ज्ञान दिले.' मी कोणाला ग्यान देणार सर? मी पाणी देत होतो."

"निघा," मी म्हणालो. "दोघंही निघा."

ते गेले. द्वारकाबाईनं तांब्या खाली ठेवला. "पत्र लिहून द्या."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं, का तुमच्या पायाला तिथली रेती लागली असती, तर ती पुडीत बांधून आणली असती तुमी. अन् गल्लीभर दाखवली असती." एवढं बोलून ती आत गेली.

तीस तारखेला सकाळी आठ वाजता मैदानात सतरंज्या पडल्या होत्या. कार्यक्रम एकच, निमित्त दोन : माझी पाटी आणि कडूबाचा निरोप. हौद घासून पुसून कोरडा केलेला. नऊच्या नऊ उंचवटे उन्हात उघडे पडले होते आणि पांढरी रेघ नव्यानं रंगवलेली होती. रेघ कोणी रंगवली ते विचारायची गरज नव्हती, ती कामं कडूबाचीच. पाटीवर कापड टाकलेलं. मी नवा सदरा घातला होता. खिशात एक कोरा कागद आणि पेन होतं. ते मी का घेतलं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित लिहिलंही असतं.

मुख्याध्यापक बोलले, माजी विद्यार्थी बोलले. माझ्याविषयी बरंच बोलले, कडूबाविषयी थोडं. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला. मग नेहमीप्रमाणं मी उठून हौदाच्या काठाशी गेलो. कडूबा बोअरच्या कॉकपाशी पाइप धरून उभा होता, नवा शर्ट, खांद्यावर शाल तशीच.

"भर," मी म्हणालो.

त्यानं कॉक सोडला नाही. माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, किती वाजताचं पाणी भरू?"

कोणी हसलं नाही. मोठ्यांना कळलंच नसावं. पण दहावीची ती मुलं, पॅन्ट दुमडून खडकावर उभी राहिलेली, पहिल्या रांगेत बसली होती. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मोनालीनं खाली पाहिलं. तिला माझी कीव आली असावी आणि ती मला सहन झाली नाही.

दोन शब्द पुरले असते. 'रेघेखालीच ठेव' म्हणालो असतो तरी चाललं असतं. कडूबा त्याचीच वाट बघत होता. त्यानं मला जागा करून दिली होती, हे मला तिथंच कळलं, आणि एका शिपायानं मला जागा करून द्यावी याचाच मला संताप आला.

"रेघेपर्यंत," मी म्हणालो.

त्यानं कॉक सोडला. हौद भरायला बराच वेळ लागला. आधी विहिरीजवळचे दोन खडक गेले. शेवटी एकल्याच्या पायाचा मुठीएवढा. तो पूर्ण बुडेपर्यंत कडूबा त्याच्याकडं बघत होता. मग त्यानं कॉक बंद केला, पाइपाचं वेटोळं केलं, जागेवर ठेवलं, नारळ उचलला आणि फाटकाबाहेर गेला. एकतीस वर्षं रोज शाळा सुटली की 'येतो सर' म्हणायचा, ते म्हणाला नाही. कापड ओढलं गेलं. टाळ्या वाजल्या, पण त्या हातांना फार जोर नव्हता.

मे महिन्यात शाळा बंद. मी सकाळी फिरायला मैदानात जातो. तिसऱ्या दिवशी हौदापाशी थांबलो आणि पाहिलं तर एकल्याच्या पायाच्या त्या मुठीएवढ्या खडकाचं टोक पाण्याबाहेर आलं होतं. ऊनच तसं होतं, शिवाय हौद कुठंतरी झिरपतही असणार. आधी कडूबा रोज सकाळी येऊन पाण्याची भर घालायचा, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मला वाटायचं, पाणी राहतं.

मी घरून बादली आणली. फाटकाबाहेर हापसा आहे, तिथून भरून आणायची, ओतायची. सात-आठ बादल्यांत टोक बुडालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी पुन्हा बादली. पाठ धरली, हाताला फोड आले, पण एक दिवस चुकवला नाही. पाटीवर सहा लिहिलं होतं आणि येणारा जाणारा वाचत होता. हापशावर झुंबरबाई म्हणून एक म्हातारी पाण्याला यायची, तिनं सगळ्यांसमोर सुनावलं, "लोकाईला प्यायला न्हाई अन् सर दगडं भिजवून राह्यले!" मी मान खाली घालून हापसत राहिलो. तिच्या नातवाला मी शिकवलं होतं. सहा बेटं.

अकराव्या दिवशी पाणी ओतायला मी हौदात उतरलो, कारण वरून ओतलं की सगळं अंगावर उडायचं. पाय घसरला आणि मी आधारासाठी विहिरीजवळच्या एका बुटक्या खडकावर पाय टेकवला. ओला, खरखरीत. सिमेंटवर कडूबाच्या बोटांच्या खुणा अजून होत्या, चार बोटं आणि अंगठा. पाखरखडपांना माझा पाय लागला तो असा, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. मला माझीच लाज वाटली, इतकी की मी काठावर बसून राहिलो. घरी जाऊन पत्र लिहिलं. दोन ओळींचं नाही, पानभर. टेकडी, होडी, झोप, सगळं. खाली सही. कडूबाच्या नावाआधी मी 'श्री.' घातलं, पहिल्यांदा. पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. त्याच्या घराच्या दिशेला पाय वळत नव्हते.

तेराव्या दिवशी तोच आला. शाळेच्या कार्यालयात कपाटाची किल्ली देऊन परत निघाला होता. मी बादली घेऊन उभा होतो, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यानं पाहिलं. मी बादली लपवू शकलो नाही.

"कडूबा," मी म्हणालो, "हे घ्या."

मी त्याला कधी 'घ्या' म्हटलं नव्हतं. त्यानं कागद उलगडला, उन्हात धरला, ओळीवरून बोट फिरवत सगळा वाचला. बराच वेळ लागला. मग घडीवर घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"बराबर लिव्हलंय," तो म्हणाला. "पण पुस्तक गेलं सर. पाच तारखेलाच जालन्याला गेलं, बंद होऊन. आता न्हाई उघडत ते."

"मी जातो जालन्याला. मी भेटतो साहेबांना, मी सांगतो..."

"कामून?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तीस तारखेला सगळे बसले होते की सर. माझी नात बी होती. पयल्या रांगेत."

पहिल्या रांगेत, त्या दहावीच्या मुलांमध्ये. तिनंही माझ्याकडं मान वळवली असणार.

कडूबानं वाकून हौदात पाहिलं. एकतीस वर्षांची नजर, एका क्षणात मोजलं त्यानं.

"दोन बोटं कमी हाये सर अजून. तिसरा दिसून राह्यला."

तो फाटकाकडं गेला. मी हाक मारली नाही. पत्र खिशात घातलं. समोर संगमरवरावर माझं नाव होतं आणि त्याच्यावर 'सहा बेटांचा समूह'. मैदानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. नऊ असल्याचं पत्र माझ्याच खिशात होतं, माझ्याच अक्षरात. तरी मी हापशाकडं गेलो आणि बादली भरून आणली.